पायडल सोमवारी बसवलं होतं

सालामिना
बुधवार, २७ नोव्हेंबर १९९६

प्रिय ओर्फिलिया आत्या,

आधी आशीर्वाद दे. तिकडच्या थंडीत तुझं बोट फार दुखत नसेल आणि एव्हेलिओ काका, नुबिया काकू बरे असतील, असं धरून चालते. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा खोकला गेला.

पुढचं काही लिहिण्याआधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की करवतीला पायडल सप्टेंबरात बसवलं, तू मानिसालेसला गेल्यानंतर. ते बरोबर नाही. पायडल पहिल्यांदा बसवलं ते सोमवारी, १२ ऑगस्टला. ते पत्र जवळ असेल तर त्या ओळीवर एक रेघ मार आणि वर ही तारीख लिही. खोडरबर वापरू नकोस असं तुला सांगायची गरज नाही, ते तूच मला शिकवलंस.

ही तारीख वाचून तू थांबली असशील. थांबू नकोस, पुढे वाच. का ते मी याच पत्रात लिहिणार आहे. फक्त मला जरा वळण घेऊन यावं लागेल, सरळ येण्याचा तीनदा प्रयत्न केला आणि तीन कागद वाया गेले.

गल्लीत सात डिसेंबरच्या, दिव्यांच्या रात्रीची तयारी जोरात आहे. यंदा आपल्या ओळीतल्या चौदा घरांचे लाकडी कंदील आपल्याच कारखान्यात कापायचे ठरलं. नऊ झाले. समोरची रुबिएला मावशी रोज येऊन तिचा कंदील शेजारच्यांपेक्षा मोठा आहे ना ते बघून जाते. काल बाबा तिला म्हणाले की एवढा मोठा केलाय, घर सोडून त्यातच राहायला ये. ती म्हणाली, राहीन की, निदान तिथलं छत गळणार नाही. तिचं छत ऑगस्टात बाबांनीच दुरुस्त केलंय, त्यामुळे ते गुपचूप फळीवर पॉलिशपेपर घासत बसले.

सगळे विचारतात, ओर्फिलिया यंदा दिवे लावायला येणार का. बाबा सांगतात की तिला आता झेपत नाही. मी काही सांगत नाही.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र मिळालं. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, पण ते बोटामुळे, हे मला दिसतं. तू लिहिलंस की सोमवारी, ९ डिसेंबरला तू सिस्टरांच्या वृद्धाश्रमात राहायला जाणार. नाव दिलंस, खोलीही बघून आलीस, खिडकीतून बर्फाचा डोंगर दिसतो. घरात एकटी असलीस तर तू गॅस पेटवत नाहीस, शेगडीची कळ काकूंच्या ताब्यात दिलीस. सूपमध्ये दोनदा मीठ पडलं. पेन्सिली आणि नमुन्यांचा गठ्ठा चर्चच्या कारखान्यात देऊन टाकलास. आणि मग हे: ‘सुरुवात त्या बटणापासून झाली, मार्लेनी. आईचीही अशीच एका दिवशी सुरुवात झाली होती. माझ्या विसरण्याने कुणाला इजा व्हायच्या आत मी बाजूला झालेली बरी.’

तू अठ्ठावन्न वर्षांची आहेस. तिथल्या बायका ऐंशीच्या पुढच्या आहेत, हे तूच लिहिलंस.

ते पत्र आल्यापासून मी माझं ऑक्टोबरचं पत्र आठवत बसले आहे. चर्चमधल्या फाब्रिसियानो सुतारांनी आपल्यासारखीच जाळीकामाची करवत घेतली, आणि तिच्या खोड्या कोणत्या, त्यावर आम्ही काय केलं, ते तू त्यांच्यासाठी विचारलंस, म्हणून मी पाच खोड्या लिहून पाठवल्या. त्या आज कारखान्याच्या वहीशी पुन्हा ताडून पाहिल्या. पहिल्या चार बरोबर आहेत. वरच्या चिमट्यातून पातं सुटतं, कारण चिमट्याचे ओठ आतून आरशासारखे गुळगुळीत आहेत. ते कानशीने खरवडायचे, आणि नवी पाती साबणाने धुऊन घ्यायची, कारण त्यांना तेल लावलेलं येतं. टेबलाच्या मधली चकती काम चालू असताना उडी मारून बाहेर येते. तिच्या जागी दूध पावडरच्या डब्याचं झाकण कापून बसवायचं. भुसा उडवणारी नळी भुसा नेमका आखलेल्या रेघेवर आणून टाकते. ती काढून सलाईनची नळी तारेने बांधायची. आणि सगळं यंत्र थरथरतं, त्याला पायांखाली ट्रकच्या ट्यूबचे तुकडे हवेत. यात एक गोष्ट राहिली होती ती फाब्रिसियानोंना सांग: मागचे दोन सांधे कोरडे येतात. बोल्ट काढून, यंत्र आडवं करून, रात्रभर तेल मुरू द्यायचं. नाहीतर वर्षभरात ते खिळखिळे होतात. आपले झालेच होते.

पाचवी खोडी बटणाची. तिच्याबद्दल मी जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरं नाही.

बटण मागे आहे, वरच्या दांड्याच्या खाली. ज्याने ते तिथे बसवलं त्याने त्या यंत्रावर जन्मात एक कंदील कापलेला नाही, असं तू म्हणायचीस. पातं तुटलं तर एका हाताने फळी दाबून धरायची आणि दुसरा हात धडधडत्या दांड्याजवळून मागे न्यायचा.  चार वर्षं मी वहीत लिहीत होते: बटण पुढे आणणे. बाबांना वायरींना हात लावलेला चालत नव्हता. ते म्हणायचे, लाकडाचा माणूस विजेत शिरला की दोन्हीकडून जातो.

आत्या, मला वरच्या मळ्यातलं घर आठवतं. शाळा नदीपलीकडे होती, आणि पावसाळ्यात नदी ओलांडू द्यायला बाबा तयार नव्हते, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तू. तेव्हा आपल्याकडे हातकरवतच होती. तू प्लायवूडमधून अक्षर कापायचीस, पडलेला तुकडा माझ्या एका हातात आणि भोक असलेली फळी दुसऱ्या हातात द्यायचीस. दोन्ही तेच अक्षर आहे, म्हणायचीस. मी भोकाच्या कडेने बोट फिरवून ते शिकले. नंतर पाटी आली, मग वही, आणि वहीबरोबर तो नियम: चुकलेलं पुसायचं नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, म्हणजे कुठे चुकलो ते दिसतं. शहरातल्या शाळेत बाईंनी माझी वही बघून विचारलं, हा काय घाणेरडेपणा. मी सांगितलं, आमच्या घरी असंच करतात. त्यांनी मला बाकावर उभं केलं. मी तरी खोडरबर घेतलं नाही.

बारा ऑगस्टला तू अरान्सासूला बारशाला गेली होतीस, संध्याकाळच्या गाडीने परतणार होतीस. बाबा रुबिएला मावशीच्या छतावर होते. कारखान्यात मी एकटी. तुझ्या जुन्या शिलाई मशीनची मोटर जळाली होती, पण पायडल चांगलं होतं. मी ठरवलं की ते करवतीला जोडायचं. पाय दाबला की चालू, उचलला की बंद, दोन्ही हात फळीवर. तू येऊन बसशील आणि तुला ते आयतं मिळेल, अशी माझी कल्पना होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, आणि तारीख तेरा. तुला बाबांचं माहीत आहे. तेरा तारखेचा मंगळवार आला की अपशकुन म्हणून ते नवा खिळासुद्धा ठोकत नाहीत, कारखान्याला कुलूप. तू दरवेळी विचारायचीस, ‘ओक्ताव्हियो, त्या मंगळवारला माहीत तरी आहे का तू कोण आहेस?’ पण ते ऐकायचे नाहीत. म्हणजे मला पायडल सोमवारीच बसवायला हवं होतं, नाहीतर बुधवारपर्यंत थांबायला. मी थांबू शकले असते. काहीच बिघडलं नसतं.

बरोबर जोडणी कशी ते मला माहीत होतं. वीज आधी बटणातून जाऊन मग पायडलमध्ये जायला हवी, म्हणजे बटण बंद असताना पायडल दाबलं तरी काही होत नाही. त्यासाठी आणखी हातभर वायर लागत होती आणि दुकान बंद झालं होतं. मग मी बटणाच्या दोन्ही वायरी काढल्या आणि सरळ पायडलला जोडल्या. बटण जागच्या जागी राहिलं, पण त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. वर केलं काय आणि खाली केलं काय. बुधवारी वायर आणून नीट करायचं ठरवलं. उद्या मंगळवार तेरा, कुणी बसणारच नाही, असं मी धरलं. बाबांना धरलं, मला धरलं. तुला धरायचं विसरले. प्लग भिंतीतच राहिला.

तू परत आलीस तेव्हा दमली होतीस, बारशातल्या केकचा तुकडा रुमालात बांधून आणला होतास. मी सांगायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, बुधवारी पुरं करून दाखवू.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी माझ्या बाजूने लिहिते.

सकाळचे सात वाजले असतील. मी मागे कोंबड्यांना दाणे टाकत होते, बाबा स्वयंपाकघरात गुळाचं पाणी पीत होते. करवतीचा आवाज आला, एक क्षणभर, आणि थांबला. तुझा आवाज आलाच नाही. मी धावत आले तर तू स्टुलावर बसलेली, हात एप्रनमध्ये गुंडाळलेला, एप्रन लाल होत चाललेलं. समोर फळी, त्यावर बार्रांकेरो पक्षी आखलेला, डोळ्याच्या जागी भोक पाडलेलं. त्या भोकातून तू पातं वर ओढत होतीस. तुझा उजवा पाय भुशात रुतला होता, आणि भुशाखाली पायडल होतं.

तू माझ्याकडे बघून पहिलं वाक्य म्हणालीस, ‘बटण बंद होतं, मार्लेनी. मी बघितलं होतं.’

बाबा दारात आले. त्यांनी विचारलं, काय झालं, बटण चालू राहिलं का? मी यंत्राशी उभी होते. मी प्लग उपटला. आणि म्हणाले, ‘हो, वर होतं.’ मग ते खरं दिसावं म्हणून मी बटण वर केलं. माझ्या अंगठ्याने. बाबांनी वाकून बघितलं तेव्हा ते वर होतं.

मी हे विचार करून केलं नाही. विचार नंतर केला, आणि नंतरही तेच सांगितलं.

मोजून सांगते, कारण मी ते मोजलं आहे. हे पहिलं खोटं. दुसरं दवाखान्यात. टाके घालून झाल्यावर तू मला विचारलंस, पायाखाली काहीतरी हललं का गं, मऊसं? मी म्हणाले, भुशाची पिशवी होती. तिसरं आठवडाभर रोज एकदा, तू स्वतःशीच ‘मी बघितलं होतं’ म्हणायचीस तेव्हा मी गप्प बसायचे. ती सात धरायची की एक, मला ठरवता आलं नाही. मग एके दिवशी तू ते म्हणायचं बंद केलंस. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण वाटलं होतं.

बुधवारी तुम्ही दोघं पट्टी बदलायला गेलात तेव्हा मी पायडल काढलं, बटण पूर्ववत केलं.

बाबांनी गल्लीभर सांगितलं, मंगळवार तेराला करवतीला बसल्यावर दुसरं काय होणार. त्याने मला बरंच वाटलं, कारण मंगळवारवर ढकललं की कुणी वायरींकडे बघत नाही. पण मग त्यांनी त्याला दुसरं जोडलं, की तिचं वय झालं, बटण बंद करायचं विसरली. तू सप्टेंबरात एव्हेलिओ काकांकडे गेलीस. त्यानंतर मी पायडल पुन्हा बसवलं, या वेळी नीट, बटणातून, वर लाकडी झाकण करून. बाबा आलेल्या प्रत्येकाला ते दाखवतात. म्हणतात, पोरीने डोकं लावलंय. हे ऑगस्टात असतं तर ओर्फिलियाचं बोट वाचलं असतं. आणि मी ऑक्टोबरच्या पत्रात फाब्रिसियानोंसाठी म्हणून हेच वाक्य तुला लिहून पाठवलं. तुलाच. हे चौथं, आणि हे मी शांतपणे टेबलावर बसून, शाईने लिहिलं होतं.

मिठाचं मला माहीत नाही. सूपमध्ये दोनदा मीठ का पडलं, हे मी सांगू शकत नाही, आणि तुझं मन राखायला काहीतरी सांगणारही नाही. मला फक्त बटणाचं माहीत आहे. ते बंद होतं. तू बघितलं होतंस. तू काही विसरली नव्हतीस.

आता थांबते. बाबा जेवायला हाका मारताहेत. त्यांना अजून सांगितलेलं नाही.


गुरुवार, २८ नोव्हेंबर

आत्या, पत्र पोस्टात टाकलं नाही, कारण ते अर्धंच राहिलं असतं. आज सांगितलं.

सकाळी बाबा दहाव्या कंदिलाच्या दाराला जिलेटिनचा कागद चिकटवत होते. मी म्हणाले, बाबा, ऑगस्टात बटण बंद होतं. त्यांना वाटलं मी कुठल्या वीजबिलाचं बोलतेय. मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने, म्हणजे काही गळणार नाही.  ते हातातला कागद तसाच धरून होते, डिंक वाळून त्यांच्या बोटांना चिकटला.

मग ते उठले, करवतीजवळ गेले, बटण खाली केलं आणि पायडलवर पाय दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला.

‘त्या दिवशी असं नव्हतं?’

‘नव्हतं. त्या दिवशी बटणाला काही जोडलेलंच नव्हतं.’

ते तुझ्या स्टुलावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. मी त्यासाठी तयार होते, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. ते म्हणाले, ‘तिला गाडीत चढवताना मी काय बोललो ते ऐकलंस तू?’

मी ऐकलं होतं. ‘तुझं आईसारखं होतंय, ओर्फिलिया,’ असं ते म्हणाले होते. प्रेमानेच म्हणाले होते, तुझी पेटी वर ठेवता ठेवता.

‘मी होतो आईजवळ शेवटपर्यंत,’ ते म्हणाले. ‘ती नव्हती, ती तेव्हा मळ्यावर तुला सांभाळत होती. मला वाटलं, मला कळतं.’ मग बराच वेळ बोटांचा डिंक सोलत बसले. ‘बंद होतं, बंद होतं, किती वेळा म्हणाली. आणि मी तिलाच समजावत होतो.’

दुपारी जेवले नाहीत. रुबिएला मावशी तिचा कंदील बघायला आली तेव्हा मी आत होते. भिंतीपलीकडून ऐकू आलं. बाबा तिला सांगत होते, जसं झालं तसं, पायडल कुणी बसवलं तेही. त्यांनी मला झाकलं नाही, याचं मला बरं वाटलं. मावशी म्हणाली, म्हणजे मंगळवारचा काही दोष नव्हता तर. बाबा म्हणाले, दोष होता, पण मंगळवारचा नाही, मंगळवारला घाबरणाऱ्यांचा. ती म्हणाली, चला, साठ वर्षांनी एकदा तरी शहाणं बोललास. नंतर तिने त्यांना मक्याची भाकरी आणि अंडं आणून दिलं आणि खाईपर्यंत उठली नाही.

संध्याकाळी बाबा मला म्हणाले की गल्लीत ते स्वतः सांगतील, दारोदार, कारण पसरवलं त्यांनीच होतं. तिकडचं माझ्याकडे. ‘तू जाऊन सांग तिला. पत्राने भागणार नाही.’

मी म्हणाले, मी तेच ठरवलंय, मंगळवारी जाते. सोमवारपर्यंत उरलेले चार कंदील कापून होतील, ती मंडळी वाट बघताहेत, त्यांची काही चूक नाही.

बाबांनी मान वर केली. ‘बुधवारी जा.’

‘का?’

‘मंगळवारी कुणी घरातून निघतं का प्रवासाला?’

 मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं, आणि ते हसले, खोकला लागेपर्यंत. पण शब्द मागे घेतला नाही. जाताना पुन्हा म्हणाले, बुधवारची गाडी रिकामी असते, बसायला जागा मिळते.

आत्या, मी मानिसालेसला आल्यावर काय करणार ते लिहून ठेवते, म्हणजे माझी जीभ ऐनवेळी वळली तर तू हे पत्र पुढे करशील. तुझ्यासमोर एव्हेलिओ काका आणि नुबिया काकूंना सांगेन. मग फाब्रिसियानो सुतारांना, कारण त्यांच्या पाचव्या खोडीची माहिती अपुरी गेली आहे आणि ते माझ्या पहिल्या वेळेसारखी जोडणी करतील तर दुसऱ्या कुणाचं बोट जाईल. मग तुझ्याबरोबर सिस्टरांकडे येईन आणि त्यांनाही सांगेन की खोली कशाच्या आधारावर मागितली होती. त्यानंतर तुला तिथेच राहायचं असेल तर मी काही बोलणार नाही. पण ते बटण बंद होतं हे माहीत असताना ठरव.

बार्रांकेरोची फळी मी टाकली नव्हती. डोळ्याचं भोक आहे, बाकी अजून काही कापलेलं नाही. आपल्या दारच्या कंदिलाची ती बाजू बाबांनी निळा कागद लावून तात्पुरती झाकली आहे, खाली खिळा मारलेला नाही. फळी बरोबर आणते आहे. पेन्सिली तू देऊन टाकल्यास, म्हणून एक पेन्सिलही आणते, जाड, तुझ्या बोटात राहील अशी.

माफी मी या पत्रात मागत नाही. ती समोर मागायची असते, हेही तुझ्याचकडून शिकले. पत्र उद्या शुक्रवारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते, म्हणजे शनिवारी तुला मिळेल आणि मी पोचायच्या आधी तुझ्या हाती तीन दिवस असतील. या तीन दिवसांत तुला दार बंद ठेवावंसं वाटलं तर ठेव. मी पायरीवर बसेन. संध्याकाळची परतीची गाडी पाचला असते, तोपर्यंत तिथेच असेन, आणि ती गेली तर दुसऱ्या दिवशीची.

बाबांनी आत्ताच खिडकीतून पुन्हा विचारलं, बुधवारीच ना? मी सांगितलं, नाही. गेल्या वेळी मंगळवार टाळायला मी सोमवारी घाई केली. या वेळी टाळणार नाही.

तुझा आशीर्वाद मागणारी, आणि तू तो दिला नाहीस तरी येणारी,

मार्लेनी

मंगळवार, ३ डिसेंबर. पहिली गाडी.